‘ईसीएम गेलाय’ म्हणण्याआधी

ट्रक बंद पडला आणि कुणालाच काही कळेना, की आमच्या भागात हल्ली एकच निदान होतं, ‘ईसीएम गेला.’ ईसीएम म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कम्प्युटरची पेटी. वीस वर्षांपूर्वी हाच मान ‘पंपात एअर धरलीय’ या वाक्याला होता. ताप कशाचा ते कळलं नाही की ‘व्हायरल आहे’ म्हणतात ना, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच, की व्हायरलच्या गोळ्या स्वस्तात येतात आणि नव्या ईसीएमचा आकडा ऐकून मालक आधी बसायला स्टूल शोधतो.

मी सांगलीत शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला ट्रकच्या वायरिंगची कामं करतो. माझ्या टेबलावर ‘गेलेल्या’ म्हणून आलेल्या पेट्यांपैकी बऱ्याच चांगल्या निघतात. खरोखर गेलेल्याही असतात, त्यांच्याबद्दलही सांगणार आहे. पण आधी आबांची गाडी. कारण या विषयात करता येण्याजोग्या जवळजवळ सगळ्या चुका त्या एका गाडीवर होऊन गेल्या होत्या.

दहा टायरी, २०१२चं मॉडेल, सहा सिलिंडर, कॉमन रेल. हंगामात ऊस ओढते, एरवी हळद नाहीतर बेदाणा. डिसेंबरात टोचन लावून माझ्याकडे आली.

“ईसीएम बदलून पंधरा दिस झालं,” आबा म्हणाले, “तरी तेच. फडातनं भरून निघाली की बंद. सेल्फ मारतोय, मारतोय, उचलतच न्हाई. मग अर्ध्या तासानं आपोआप चालू. आता बोला.”

“जुना ईसीएम कुठाय?”

“त्यो त्यांनी बदल्यात ठेवून घेतला. तेवढं पैसं कमी केलं की.”

मी कपाळाला हात लावला. का लावला ते पुढे येईलच.

पेटीत असतं काय

जुन्या ट्रकमध्ये डिझेल किती सोडायचं हे ठरवणारा पंप पूर्ण यांत्रिक होता. पायाखालचा अ‍ॅक्सिलरेटर दांड्यांनी पंपाच्या रॅकला जोडलेला, आत गव्हर्नरची फिरती वजनं, बस. एकदा सुरू झाली की बॅटरी काढून घेतली तरी गाडी चालायची. मग धुराचे नियम कडक होत गेले. २०१०मध्ये भारत स्टेज ३ देशभर आलं आणि कॉमन रेलची इंजिनं ट्रकमध्ये शिरू लागली. १ एप्रिल २०१७पासून स्टेज ४ आणि १ एप्रिल २०२०पासून स्टेज ६. आता कम्प्युटरशिवाय नवा मोठा ट्रक मिळतच नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे आज बाजारात ‘जुनी गाडी’ म्हणून फिरणाऱ्या कितीतरी ट्रकमध्येही ही पेटी आहेच. ईसीएम म्हणा, ईसीयू म्हणा, ड्रायव्हर लोक नुसतं ‘कार्ड’ही म्हणतात. वस्तू तीच.

कॉमन रेलमध्ये पंपाचं काम फक्त दाब तयार करायचं. एका जाड नळीत डिझेल कोंडलेलं असतं, आणि इंजिन जोरात असताना तिथला दाब १६०० बार किंवा त्याच्याही वर जातो. ट्रकच्या टायरमधल्या हवेच्या दोनशे पट समजा. म्हणून चालू इंजिनच्या रेलचा नट ढिला करून ‘डिझेल येतंय का बघू’ ही जुनी सवय सोडा. ती धार कातडी फोडून आत जाते. हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं.

त्या दाबातलं डिझेल कधी आणि किती सोडायचं, ते ईसीएम ठरवतो. इंजिन १५०० आरपीएमवर, म्हणजे मिनिटाला १५०० फेऱ्यांवर, असेल तर सेकंदाला २५ फेरे होतात. सहा सिलिंडरच्या इंजिनात एका फेऱ्यात तीन नोझल डिझेलचा फवारा मारतात. म्हणजे सेकंदाला ७५ वेळा. प्रत्येक वेळी नोझल उघडं राहतं ते सेकंदाच्या हजाराव्या हिश्शाच्या हिशोबात, आणि मुख्य फवाऱ्याआधी बहुतेक वेळा एक छोटा फवाराही असतो, म्हणून तर कॉमन रेलचं इंजिन जुन्यासारखं कडकड वाजत नाही.

एवढा हिशोब तो करतो कसा? बराचसा करतच नाही, तयार तक्त्यात बघतो. जमिनीचं खरेदीखत करताना किंमत काढायला रेडी रेकनर असतो ना, गावाच्या नावासमोर दर, तसाच. उभ्या बाजूला आरपीएम, आडव्या बाजूला पेडल किती दाबलंय, मधल्या घरात डिझेलचा आकडा. मग पाणी गरम आहे का, टर्बोची हवा किती येतेय, रेलमध्ये दाब किती, हे पाहून त्या आकड्यात वजाबाकी-बेरीज. असे शेकडो तक्ते त्या पेटीत असतात आणि सगळे मिळून जागा व्यापतात ती मोबाईलवरच्या एखाद्या फोटोएवढी. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांमध्ये रेडी रेकनर वेगवेगळा असू शकतो. ही गोष्ट ध्यानात असू द्या, आबांची गाडी पुढे त्यातच अडकली.

आधी बल्ब, मग स्कॅनर

पेटीला जगायला तीन गोष्टी लागतात. बॅटरीचे २४ व्होल्ट, पक्का अर्थ (म्हणजे अर्थिंग, करंटची बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जायची वाट), आणि सेन्सरांकडून येणारी खरी माहिती. यातलं एक जरी लटकं असलं तरी पेटी वेड्यासारखं वागते आणि दोष तिच्या माथी बसतो.

आबांच्या गाडीला मी स्कॅनर, म्हणजे ईसीएमशी बोलणारं तपासणीचं यंत्र, लावला. इग्निशन ऑन केल्यावर ईसीएम बोलत होता. सेल्फ मारला की संपर्क तुटायचा. सेल्फ सोडला की पुन्हा बोलायचा. बॅटरी तपासली, सेल्फ मारताना २० व्होल्टच्या खाली जात नव्हती. १८-१९च्या खाली गेली असती तर तिथंच थांबलो असतो. फ्यूज, मुख्य रिले ठीक. ईसीएमचं कपलर, म्हणजे वायरींचा जोड, काढून मीटर लावला तर पॉझिटिव्ह आणि अर्थच्या पिनांमध्ये २४ व्होल्ट बरोबर. आधीच्या गॅरेजवाल्यानंही एवढं केलं असणार, आणि मीटर म्हणतोय सप्लाय आहे, म्हणजे पेटीच गेली, असा निष्कर्ष काढला असणार. नव्वद टक्के मिस्त्री हाच काढतील, मीही पूर्वी काढायचो.

इथं मीटर फसवतो. शेतातल्या पाइपात पाचट अडकलंय आणि पुढचा व्हॉल्व्ह बंद आहे असं समजा. दाबमापकावर दाब पूर्ण दिसतो. व्हॉल्व्ह उघडा, धारच नाही. मीटर म्हणजे बंद व्हॉल्व्ह, तो करंट घेतच नाही म्हटलं तरी चालेल. वायरीची एक तार जरी शिल्लक असली तरी तो २४ दाखवणार. म्हणून मी करंट घेणारी वस्तू लावतो, इंडिकेटरचा २४ व्होल्ट २१ वॉटचा साधा बल्ब, दोन वायरी जोडलेला. ईसीएम काढलेला, गाडीच्या बाजूचं कपलर हातात, पिनांचा नकाशा समोर, आणि बल्ब फक्त मुख्य पॉझिटिव्ह आणि मुख्य अर्थ यांच्यातच. सेन्सरच्या किंवा नोझलच्या पिनांवर बल्ब नेला तर काम वाढवून बसाल. पिनेत घालायची तार पिनेच्याच मापाची हवी. जाड टोच्यानं पिन फाकवली की आज नसलेला फॉल्ट उद्या तयार.

बल्ब लागला, पण कसा? समईच्या वातीसारखा. तांबूस, मिणमिणता.

आता मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी कपलरच्या अर्थ पिनेला. बल्ब चालू असताना इथं पाव व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून कमीच दिसायला हवं, कारण दोन्ही टोकं एकाच अर्थची. मीटरनं नऊ दाखवले. म्हणजे २४पैकी नऊ व्होल्ट अर्थच्या वाटेतच गळत होते.

मग वायरींचा जुडगा उलगडत गेलो. केबिनच्या खाली, चेसिसला जिथं अर्थचा बोल्ट आहे त्याच्या हातभर आधी, काळ्या टेपच्या आत हिरवी पूड. तांब्या-पितळेच्या भांड्याला धरतो तो कळंक. ईसीएमच्या अर्थच्या दोन वायरी होत्या. एक पूर्ण तुटलेली, बाहेरचं प्लॅस्टिक मात्र शाबूत, त्यामुळे वरून बघून कुणालाही कळलं नसतं. दुसरी तीन-चार तारांवर लोंबत होती. ऊस भरला की चेसिस वाकते, जुडगा ताणला जातो, त्या तीन-चार तारांचाही जीव जातो. सेल्फ मारला की उरलीसुरली कसर निघते आणि ईसीएम क्षणभर मरून पुन्हा जागा होतो. अर्ध्या तासानं वायर थंड झाली की तारा परत टेकतात. ‘आपोआप चालू.’

“आबा, गाडी पुरात होती का?”

“एकोणीसच्या? व्हय तर. कर्नाळ रोडला लावलेली. केबिनच्या पायरीवर पाणी.”

ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५ फूट. त्या पुरानंतर या शहरात किती गाड्यांचं ऑइल बदललं, सेल्फ आणि अल्टरनेटर खोलले, त्याची गणती नाही. वायरिंगकडे मात्र कुणी बघितलं नाही, कारण गाडी चालू झाली होती. पाणी वायरीत एका टोकानं शिरलं की तारांच्या फटींतून आत चढत जातं, दिव्याच्या वातीत तेल चढतं तसं. आणि मग सावकाश, दोन वर्षं, चार वर्षं, कळंक आपलं काम करत राहतो. पूर पाहिलेली गाडी असेल तर बाकी काही करण्याआधी अर्थचे सगळे बोल्ट खोला, घासून पांढरे करा, वायर कपलरपर्यंत तपासा. काही तासांचं काम आहे.

अर्थ दुरुस्त केला. बल्ब फटफटीत पांढरा लागला.

दुसरा एक फसवा प्रकार पाच व्होल्टचा. सेन्सरांना ईसीएम आतून पाच व्होल्ट पुरवतो, आणि ही लाइन बऱ्याचदा चार-सहा सेन्सरांत वाटलेली असते. एकाची वायर घासून चेसिसला टेकली की सगळ्यांचा पुरवठा खाली बसतो. स्कॅनरवर बिघाडाचे एकदम सहा-सात कोड येतात, पेडल काम करत नाही, गाडी सुरू होत नाही. कोड वाचणारा म्हणतो, एवढे सेन्सर एकदम कसे जातील, म्हणजे ईसीएमच! अहो, एका घरात शॉर्ट झाला म्हणून चाळीचा फ्यूज उडतो, तेव्हा आपण महावितरणचा ट्रान्सफॉर्मर बदलतो का? पाच व्होल्टच्या पिनेवर मीटर लावून ठेवा आणि एकेक सेन्सरचं कपलर काढत जा. जो काढल्यावर पाच व्होल्ट परत आले, तो किंवा त्याची वायर, चोर. एका टिपरवर तो चोर टर्बोच्या हवेच्या दाबाचा सेन्सर निघाला. वायर क्लॅम्पखाली चेमटली होती. खर्च, एक बोटभर स्लीव्ह.

ज्या गाड्यांत कॅन लाइन आहे त्यांच्यासाठी एक झटपट चाचणी. बॉशनं १९८६मध्ये जगापुढे आणलेली ही दोन वायरींची पद्धत. गाडीतल्या सगळ्या पेट्या त्याच दोन वायरींवरून एकमेकांशी बोलतात. दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रेझिस्टर. बॅटरी काढून त्या दोन वायरींमध्ये ओहम मोजा, ६०च्या आसपास यायला हवेत. १२० आले तर एक टोक तुटलंय. शून्याजवळ आले तर दोन वायरी एकमेकींना चिकटल्यात. ‘स्कॅनरला ईसीएम दिसतच नाही’ या तक्रारीचं उत्तर कधीकधी इथंच मिळतं.

आणि स्कॅनरचा कोड म्हणजे तक्रारअर्ज, निकाल नव्हे. ‘रेलमध्ये दाब कमी’ असा कोड आला तर सेन्सर बदलायचा नसतो. आधी डिझेल फिल्टर बघायचा असतो.

खरंच जातो तेव्हा

आता खऱ्या मरणाबद्दल. ऊसवाहतुकीच्या गाड्यांत मी सगळ्यात जास्त बघितलेलं कारण म्हणजे वेल्डिंग. फाळका तुटला, साइडची पट्टी सुटली, वेल्डर बोलावला, त्यानं अर्थचा चिमटा सापडेल तिथं लावला आणि गाडीचं सगळं वायरिंग जोडलेलं असतानाच रॉड टेकवला. वेल्डिंगचा करंट सोपी वाट शोधत ईसीएमच्या अर्थमधून घुसला की आतले नाजूक भाग उडतात. चेसिसवर रॉड लावण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायची, ईसीएमचं कपलर काढायचं, आणि वेल्डिंगचा चिमटा कामाच्या जागेच्या अगदी जवळ लावायचा. हंगामात घाईच असते हे मला मान्य. पण कपलर काढायला दोन मिनिटं लागतात.

दुसरं, चालू इंजिनची बॅटरी काढणं. ‘अल्टरनेटर चार्ज करतोय का बघू’ म्हणून जुने मिस्त्री टर्मिनल उचलून बघायचे. जुन्या गाडीत खपून जायचं. आता अल्टरनेटरचा करंट अचानक कुठं जाईना झाला की क्षणभर व्होल्टेज शंभराच्याही वर उसळू शकतं. चोविसाच्या पेटीवर शंभर.

तिसरं कारण ड्रायव्हरांना पटतच नाही, ते म्हणजे बॅटरीच तोडणारा कटऑफ स्विच. चावी बंद केली म्हणजे ईसीएम लगेच झोपत नाही. दुकान बंद करताना गल्ल्याचा हिशोब लिहितात तसं तो शिकलेले आकडे, फॉल्टच्या नोंदी आपल्या मेमरीत लिहून ठेवतो आणि मग स्वतःच मुख्य रिले सोडतो. धूर साफ करायला युरियाची टाकी असलेल्या गाडीत तर पंप नळीतलं द्रावण मागं ओढून घेतो, त्याला आणखी वेळ लागतो. चावी काढता काढता दुसऱ्या हातानं कटऑफ फिरवला की लिहिता लिहिता पेन हिसकावल्यासारखं होतं. रोज होईल असं नाही, पण एखाद्या दिवशी मेमरी बिघडते आणि सकाळी गाडी उठत नाही. चावी बंद केल्यावर दोनेक मिनिटं थांबा. मालाची दोरी बघा, टायर ठोका, मग कटऑफ.

उलटी बॅटरी, पाणी, कपलरवर मारलेला प्रेशर वॉश, ही कारणं सांगायची गरज नाही.

आणि एक कारण म्हातारपणाचं. काही इंजिनांत ईसीएम थेट ब्लॉकवरच बसवलेला असतो. वर्षानुवर्षं गरम-थंड आणि थरथर, त्यानं आतल्या रांग्याच्या जोडांना, म्हणजे सोल्डरिंगच्या टाक्यांना, केसासारखी चीर जाते. असली गाडी सकाळी नीट सुरू होते आणि गरम झाली की मरते. एक गाडी पुण्याहून येताना दर वेळी खंबाटकीच्या चढालाच बंद पडायची. ड्रायव्हरनं घाटात नारळ फोडून झाला होता. सप्लाय, अर्थ, पाच व्होल्ट सगळं गरम गाडीत तपासलं, ठीक. मग पेटी काढून टेबलावर वेगळा सप्लाय दिला, स्कॅनर जोडला आणि केस वाळवायच्या ड्रायरनं हळूहळू गरम केली. पाच-सात मिनिटांत बोलणं बंद. थंड केली, परत चालू. गाडीच्या बाहेर, गाडीच्या वायरिंगशिवाय फॉल्ट दिसला, तेव्हाच मी म्हणालो, ईसीएम गेला. याच्याआधी म्हणायची परवानगी मी स्वतःला देत नाही.

अशी पेटी दुरुस्त होते का? होते, बऱ्याचदा. टाका तुटला असेल, नोझल चालवणारा एखादा ट्रान्झिस्टर गेला असेल तर काम जमतं. मुख्य प्रोसेसर गेला तर सोडून द्या. एकच बघा, उघडलेलं झाकण परत नीट सील करतात का. पातळ सिलिकॉन फासून दिलेली पेटी पहिल्या पावसात परत येते.

पेटी बदलणं म्हणजे फेरफार

लोक ईसीएम बदलणं म्हणजे बल्ब बदलण्यासारखं समजतात. जुना काढला, नवा बसवला, नट आवळले. ते जमिनीच्या व्यवहारासारखं आहे. ताबा मिळाला म्हणजे सातबाऱ्यावर नाव लागत नाही, फेरफार व्हावा लागतो. पेटीच्या मेमरीत गाडीचा चेसिस नंबर असतो, इंजिनचा तक्ता असतो, सहाही नोझलांचे कोड असतात, पेडलच्या सुरुवातीची आणि शेवटची जागा असते, आणि ज्या गाडीत इमोबिलायझर (परक्या चावीनं गाडी सुरू न होऊ देणारी यंत्रणा) आहे तिच्यात चावीची ओळख असते. नवी पेटी म्हणजे कोरा उतारा. जुन्या बाजारातून आणलेली म्हणजे दुसऱ्याच्या नावाचा उतारा.

आबांच्या गाडीत दुसऱ्याच्या नावाचा होता. अर्थ दुरुस्त केल्यावर गाडी पहिल्या सेल्फला उठली, आबा खूश. मी सायलेन्सरकडे बघत होतो. काळा धूर. आयडलला, म्हणजे पेडल न दाबता, इंजिन ‘धक्-धक्’ असं एका बाजूनं उचलल्यासारखं. स्कॅनरमध्ये चेसिस नंबर वाचला, तो भलत्याच गाडीचा. पेटी त्याच घराण्यातली, कपलर तेच, लेबलवरचा नंबर शेवटचे अंक सोडले तर तोच. पण ती जास्त ताकदीच्या इंजिनाच्या गाडीची होती. तक्ता जास्त डिझेल द्यायला सांगतोय, आणि आबांच्या गाडीचा टर्बो तेवढी हवा पुरवत नाही. डिझेल धुरातून जातंय. तशीच चालवली असती तर टर्बो आणि पिस्टनवर बेतलं असतं. त्या पंधरा दिवसांत अर्थ तुटका होता म्हणून ती फार चालली नाही, हेच नशीब.

जुनी पेटी हाताशी असती तर काम अर्ध्या दिवसाचं होतं. तिची सगळी मेमरी वाचून, त्याच हार्डवेअर नंबरच्या दुसऱ्या पेटीत जशीच्या तशी उतरवायची. गाडीला कळतही नाही की पेटी बदलली. म्हणून मी कपाळाला हात लावला होता. तुटकी, जळकी, भिजलेली, कशीही असो, गाडी महिनाभर नीट चालेपर्यंत जुनी पेटी कुणाला देऊ नका. बरं, आबांची जुनी पेटी चांगलीच होती! अर्थ तुटला होता, पेटी नाही. चांगली देऊन परकी घेतली, वर पैसे दिले.

मग लांबची वाट. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, त्या नंबरासाठीचा बरोबर तक्ता त्यांच्याच टूलनं भरून घेतला. हे करताना बॅटरीला स्थिर सप्लाय जोडलेला हवा. भरता भरता व्होल्टेज पडलं की पेटीचा दगड होतो. साधा चार्जर चालत नाही, त्याचं व्होल्टेज हेलकावे खातं. पेटीत आबांच्या गाडीचा चेसिस नंबर लिहून झाला, फेरफार मंजूर.

उरले नोझलांचे कोड. कारखान्यात प्रत्येक नोझल तपासतात, आणि कितीही काटेकोर बनवला तरी एक दुसऱ्यापेक्षा किंचित जास्त किंवा कमी सोडतो. तो फरक कोडच्या रूपात नोझलच्या डोक्यावर कोरलेला असतो. ईसीएमला तो सांगितला की तो उघडायची वेळ तेवढी कमी-जास्त करतो आणि सहाही सिलिंडर सारखे ओढतात. आबांच्या गाडीत परक्या इंजिनाचे सहा कोड होते, म्हणून ती धडधड.

कव्हर काढलं. डोक्यांवर दहा वर्षांचं काजळ. डिझेलचा फडका, जुना टूथब्रश, मोबाईलची बॅटरी आणि आमच्या पोराचे तरुण डोळे. इंग्रजी बी आणि ८ यात इतका गोंधळ होतो की तिसऱ्या नोझलचा कोड आम्ही तीनदा वाचला. फोटो काढून मोठा करून बघितला, तेव्हा तो ८ निघाला. आणखी एक खोच म्हणजे काही टूलमध्ये कोड सिलिंडरच्या क्रमानं भरायचे असतात, एक ते सहा, आणि काहींमध्ये फायरिंगच्या क्रमानं, एक-पाच-तीन-सहा-दोन-चार. क्रम चुकला तर सगळे कोड बरोबर असूनही चार नोझल चुकीची चालतात. टूल काय विचारतंय ते वाचल्याशिवाय बोट लावू नये.

बसवताना फार काही नाही. रबरी बुश आणि अर्थची पट्टी जुन्या जागी परत लावा, नुसत्या बोल्टवर पेटी कडक आवळू नका. कपलर ओढून नाही, लिव्हर फिरवून काढायचं आणि तसंच बसवायचं. हात लावण्याआधी चेसिसच्या उघड्या लोखंडाला स्पर्श करा, अंगातली स्थिर वीज उतरते. मग सेल्फ न मारता नुसती इग्निशन ऑन, ईसीएमला पेडल शिकवायचं, बिघाडाचे कोड पुसायचे, बंद, थांबा, परत ऑन. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, बहुतेक गाड्यांत एकाचं व्होल्टेज दुसऱ्याच्या निम्मं. हे प्रमाण जुळत नसेल तर ईसीएम पेडलवर विश्वास ठेवत नाही आणि गाडी आयडलच्या वर जात नाही.

एक चाचणी मी नेहमी दुसऱ्या दिवशी सकाळी करतो. रात्रभर उभ्या गाडीत पाणी, हवा, डिझेल यांचं तापमान स्कॅनरवर साधारण एकच दिसायला हवं, शेडमधल्या थर्मामीटरइतकं. एकच सेन्सर ऐंशी दाखवत असेल तर त्याच्याकडे जायचं. फुकटची तपासणी आहे.

मधल्या काळात आबांना कुणीतरी सल्ला दिला होता, पेटी उघडलीच आहे तर ‘पॉवर वाढवून घ्या, स्पीडचं लिमिटही काढून टाका.’ स्टेज ४ची गाडी असती तर युरिया बंद करून देतो असंही सांगितलं असतं. मी ते करत नाही. मालवाहू गाड्यांना ८०ची मर्यादा कायद्यानं आहे, धुराचं यंत्र बंद करणं बेकायदा आहे. आणि ज्या माणसानं तुमच्या पेटीत असला तक्ता भरला, तो गाडी बसल्यावर फोन उचलत नाही.

संध्याकाळी गाडी सुरू केली. आयडल स्थिर. अंकलीकडून भरलेली ट्रॉली मागं लावून फिरवून आणली, धूर नाही. आबांनी टर्बोचा आवाज कान देऊन ऐकला आणि नुसते “हं” म्हणाले.

जाताना मी एक काम केलं, जे आता प्रत्येक गाडीत करतो. केबिनच्या कप्प्याच्या झाकणाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या पेंट-पेननं ईसीएमचा हार्डवेअर नंबर, सॉफ्टवेअर नंबर आणि सहा नोझलांचे सहा कोड, सिलिंडरच्या क्रमानं. परवा आबांचा ड्रायव्हर टायरमध्ये हवा भरायला शेजारी आला होता. झाकण उघडून दाखवलं, अक्षर न् अक्षर शाबूत. म्हणाला, “चेकनाक्यावरचा साहेब विचारत हुता, ह्ये लॉटरीचं नंबर हायत का.”